यमूआत्याचा विजेचा ठेका

ये मिने, अशी जवळ बस. पाय वर घे, फरशी गार आहे. आणि आधी थोडी बोलणी खा, मग बाकीचं. मागच्या खेपेला आलीस ती दोन जेवणं जेवून पळालीस, आणि त्या दोन जेवणांच्या मधे मला तुझं ते कॉलेजातलं काम दाखवलंस. नखाएवढा काळा तुकडा, त्याला आठ पाय, शेजारी एक दिवा लुकलुकतोय. बटण एकीकडे फिरवलं की लुकलुक भरभर, दुसरीकडे फिरवलं की सावकाश. मी चष्मा लावून खाली वाकले आणि विचारलं, "यात भरतंय कशात आणि सांडतंय कुठून?" तर तू हसलीस. म्हणालीस, "आजी, राहू दे, तुला नाही कळायचं ते." तुझ्या बापानेही हसून घेतलं. मी तुझ्या ताटात भात वाढला. पण ते मला लागलं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या तोंडांतून ऐकलंय की त्याचा मला वीट आलाय, आणि तू तरी ते म्हणायला नको होतंस. म्हणून हे लिहायला घेतलं. मला नटवून लिहिता येत नाही. शाळा चौथीत सुटली, जशी बोलते तशीच लिहिणार. तू समोर बसून ऐकते आहेस असं मी धरून चालते. मधे उठू नकोस.

आमचं दुकान मेनरोडला आणि घर दुकानाच्या डोक्यावर. अण्णा, म्हणजे तुझे पणजोबा, रेडिओ दुरुस्त करायचे आणि बॅटऱ्या चार्ज करून द्यायचे. गावात वीज आली होती, पण ज्याच्या त्याच्या घरात नव्हती, त्यामुळे रेडिओ ठेवणारे लोक जड बॅटऱ्या हातगाडीवर घालून आमच्याकडे आणायचे. मागच्या पडवीत त्या ओळीने बुडबुडत असायच्या. त्यांच्या अ‍ॅसिडचा वास जिन्याने वर चढायचा आणि फोडणीच्या वासात मिसळायचा. मला अजूनही नुसत्या लसणाच्या फोडणीचा वास आला की त्यात काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटतं. त्या अ‍ॅसिडचा बारीक थेंब उडाला तरी कापडाला भोक. आईची लुगडी, अण्णांची धोतरं, माझे परकर, सगळ्यांना भोकं. नदीवर आमचं धुणं वाळत घातलं की लांबून ओळखू यायचं. "पुढल्या जन्मी किराणावाल्याच्या घरात दे रे देवा," असं आई एकेक कपडा झटकताना म्हणायची, देवाला आणि अण्णांना एकदमच ऐकू जाईल अशा आवाजात.

मला भाऊ नाही. चौथी झाली आणि अण्णांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं. पुढे गिऱ्हाईक यायचं, तिथे मुलीला बसवायची सोय नव्हती. मी तारा सोलायचे, डाख लावायचे, सेट उघडून पुसायचे. देवळालीच्या छावणीतले साहेब लोक सेट दुरुस्तीला पाठवायचे, त्यांच्याबरोबर कधीकधी विलायती मासिकं यायची. इंग्रजी मला ओ की ठो येत नव्हतं, पण त्यात रेघांची चित्रं असायची, कुठली तार कुठे जाते त्याची. त्या रेघांना भाषा लागत नव्हती. एक चित्र समोर ठेवायचं, एक उघडा सेट समोर ठेवायचा आणि बोट फिरवत बसायचं. असं करत करत मला कळायला लागलं. पुढे गिऱ्हाइकं म्हणायची, "अण्णा, तुमचा हात मोठा सफाईदार." अण्णा हसून पान लावायला घ्यायचे. ते वाईट माणूस नव्हते हो. पण "हे आमच्या कुसुमने केलंय" एवढे चार शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत, आणि मी आतल्या खोलीत बसून त्या चार शब्दांची वाट बघायचे.

आणि वर स्वयंपाकघरात यमूआत्या. अण्णांची धाकटी बहीण. लग्न झालं, वर्ष-दीड वर्षात नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडली. तेव्हा ती विशीचीही नव्हती. तिने केस राखले होते, त्यावरून आधीच गल्लीत बोलणी. आवाज असा, की ती न्हाणीघरात गुणगुणली तरी खालचं गिऱ्हाईक बोलायचं थांबायचं. लहानपणी ती एका म्हाताऱ्या बुवांकडे चांगली पाच-सात वर्षं शिकली होती. सासरी गाणं बंद झालं, ते माहेरी आल्यावर तिने पुन्हा काढलं. पहाटेची कामं आटोपली की थालीपिठाची भाजणी मळतामळता सुरू. थालीपीठ थापायची तेसुद्धा तालात. मधलं भोक पाडायला बोट यायचं ते बरोबर समेवर. तिच्या हातचं थालीपीठ लोण्याशी खाल्लं नाहीस ना तू, मग काय उपयोग.

गाणं म्हटलं की ताल लागतो. आमच्याकडे एक म्हातारे तबलजी यायचे, डोळ्यांनी अधू, काठी टेकत जिना चढायचे. आठवड्यातून दोनदा, भर दुपारी, आई समोर तांदूळ निवडत बसलेली असताना. आता याहून सभ्य काय असतं मला सांग. तरी गल्लीत सुरू झालं. विधवेच्या खोलीतून तबला ऐकू येतो, म्हणे. एकाने दुकानात येऊन अण्णांना अगदी काळजीच्या सुरात सांगितलं, "अण्णा, आम्ही घरचेच म्हणून बोलतो. लोक काय, नाचगाण्याच्या बैठकीचा आवाज म्हणतात." अण्णा घाबरले. अण्णा लोकांना फार घाबरायचे. वर आले आणि टोपी काढताकाढता म्हणाले, "यमू, तबला बंद करू या. तू गा, गाण्याला माझी ना नाही."

"दादा, ताल नसला तर मी कशावर गाऊ?"

"मनात धर ताल."

"मग तू मनात जेव," आत्या म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी अण्णांना आईने वाढलं.

ते म्हातारे तबलजी जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच परत गेले. त्यांना कारण सांगायला अण्णांची जीभ उचलेना. शेवटी आईनेच सांगितलं. त्यांनी काठी फिरवली आणि विचारलं, "माझ्यामुळे बदनामी? या वयात?" आणि हसले. हे आजही लिहिताना माझी कानशिलं तापतात. ते हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत तांबटांची वस्ती होती. दिवसभर हंडे, घागरी ठोकण्याचा आवाज. आत्याने त्या ठोक्यांवर गायला सुरुवात केली. खिडकीशी बसायची आणि एखादा हातोडा धरायची. पण तांबट काही तिच्यासाठी ठोकत नव्हता. तो मधेच विडी पेटवायला थांबायचा आणि आत्याची तान लोंबकळत राहायची. पुन्हा सुरू व्हायचा तो हंड्याच्या गळ्याशी, तिथे हात हळू. "कुसे, हा मेला आज विलंबित ठोकतोय," असं ती म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. मग ती एकदम खिडकी लावून घ्यायची. ते खिडकी लावणं मला सहन व्हायचं नाही.

आता तुला नाही कळायचं म्हणालीस ना, त्या भागाकडे येते. दुकानात एक इवलासा दिवा होता, नारंगी उजेडाचा, आत तार नाही, नुसती हवा भरलेली. कंडेन्सर, म्हणजे रेडिओतला वीज साठवणारा भाग, तपासायला आम्ही तो वापरायचो. मोठी कोरडी बॅटरी, तिच्यापुढे दिवा, त्याच्यापुढे कंडेन्सर. कंडेन्सर चांगला असला की दिवा एकदा चमकायचा आणि विझायचा. एका सेटमधून काढलेला कंडेन्सर मी लावला, तर दिवा एकदा चमकला, विझला, आणि थोड्या वेळाने पुन्हा चमकला. मग पुन्हा. मी पुढे अण्णांना हाक मारली, "अण्णा, हा डोळे मिचकावतोय."

"गळका असेल. टाकून दे."

मी टाकला नाही. मी बघत बसले. मिचकावण्यात नेम होता. घड्याळासारखा नव्हे, आत्याच्या बोटांसारखा नेम. मला वाटलं, याच्या पोटात काहीतरी भरतंय आणि काठोकाठ झालं की दिव्यातून सांडतंय. तुझा बाप लहान असताना असाच होता. वरणभाताचा घास गिळायचा नाही, गालात साठवायचा, गाल पुरा फुगला की फुर्रकन सगळं बाहेर, आणि पुन्हा तोंड उघडून तयार. मी चमचा भरभर दिला की फुर्र लवकर, सावकाश दिला की उशिरा. तेच हे. कंडेन्सर म्हणजे गाल. दिवा म्हणजे ती फुर्र. आता मला चमच्याचा हात हवा होता, कमीजास्त करता येईल असा. तुमच्या त्या बटणाचं काम तेच ना? की आजीला नाही कळलं?

असं बटण दुकानात होतं, पण ते विकायचं होतं, अण्णांनी हात लावू दिला नसता. विलायती मासिकातल्या एका चित्रात कागदावर शिसपेन्सिलीची जाड रेघ काढून तिच्यातून वीज नेलेली होती. वीज जाते, पण रखडत जाते. मी जाड पुठ्ठ्याची पट्टी घेतली, तिच्यावर पेन्सिलीने घासघास घासलं, एका टोकाला तार दाबून बसवली आणि दुसरी तार पितळी चिमट्याला लावून तो चिमटा पट्टीवर सरकता ठेवला. जितकी लांब रेघ, तितकी वीज रखडणार, तितका गाल उशिरा भरणार. पहिली रेघ इतकी दाट झाली की दिवा मिचकावेचना, सतत पेटून राहिला. दुसरी इतकी फिकट, की मी बसून कंटाळले. बऱ्याच पट्ट्या फुकट घालवल्या, दोन-तीनदा बॅटरीचा असा झटका बसला की दात वाजले. आईला सांगितलं, जिन्यावरून घसरले. शेवटी एक पट्टी जमली. चिमटा एका टोकाला असला की दिवा आरामात श्वास घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला नेला की पळत सुटायचा, आणि मधे हवं तिथे थांबवता यायचा.

पण गाणारीने दिव्याकडे बघायचं की गायचं? आवाज हवा होता. मी दिव्याच्या वाटेत कानाला लावायचा एक जुना डबा जोडला, रेडिओ चोरून ऐकायला असायचे तसा. दिवा चमकला की तो टक् करायचा, पण मुंगीने पाय आपटावा एवढाच. मग मी स्वयंपाकघरातून आईचं पितळी तपेलं आणलं आणि तो डबा त्यात पालथा ठेवला. तर काय ग. टण्. स्वच्छ, गोल, छोटासा ठोका. पुन्हा टण्. आई धावत आली. "माझं तपेलं कुठंय? दूध कशात तापवू मी? वन्सं, बघा तुमच्या भाचीचे उद्योग."

आत्या दारात उभी होती, हात पिठाचे. तिचं आईकडे लक्षच नव्हतं. ती खाली बसली, पिठाच्या बोटांनीच चिमटा धरला आणि अगदी हळूच सरकवला. ठोका थोडा उतरला. आणखी सरकवला. आणखी उतरला. मग तिने एका जागी बोट थांबवलं, डोळे मिटले आणि मान हलवायला लागली. "कुसे," ती म्हणाली, "सम मात्र माझी मलाच ठरवायला लागेल. हा नुसता सरळ चालतो." मी म्हटलं, "चालेल ना?" ती म्हणाली, "अग, हा विडी तरी ओढत नाही." आणि गायला लागली. आईने दूध लोखंडी कढईत तापवलं आणि त्याला वास लागला म्हणून दोन दिवस आम्हाला ऐकवलं, पण तपेलं परत मागितलं नाही.

पाऊस संपून थंडी पडेपर्यंत आत्याचं गाणं असं तयार झालं की माझी आई, जी कधी कुणाला चांगलं म्हणायची नाही, तीसुद्धा एकदा म्हणाली, "वन्सं, हे असं स्वयंपाकघरात किती दिवस गाणार?" त्याच सुमाराला मुलींची एक नवी शाळा निघाली होती, गंगापूर रोडच्या बाजूला. आता तिथे बंगले आणि दवाखाने दिसतात तुला, तेव्हा सगळे मळे होते. त्या शाळेला गाणं शिकवायला बाई हवी होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी आत्याचं गाणं कुणाकडून तरी ऐकलं होतं, त्यांनी निरोप धाडला. आत्याने निरोप ऐकला आणि ट्रंकेतलं पांढरं पातळ काढून दोनदा धुतलं आणि अ‍ॅसिडच्या जवळ जाऊ नये म्हणून ते देवघरात वाळत घातलं. तिला त्या घरात आम्ही कधी कमी-जास्त बोललो नाही. पण दुसऱ्याच्या चुलीपुढे जन्म काढायचा नसेल तर तिला एवढं एकच दार होतं, हे मला त्या वयातही दिसत होतं.

तबलजी न्यायचा प्रश्नच नव्हता. निरोपातच होतं, मुलींच्या शाळेत तबला नको. म्हणून मी, आत्या, अण्णा आणि आमची पेटी असे टांग्याने गेलो. पेटी म्हणजे मी सगळं जोडून एका लाकडी खोक्यात बसवलं होतं ते, वरचा दिवा तेवढा उघडा. अण्णांनी नवी टोपी घातली होती. अशा ठिकाणी चार मोठे लोक भेटतात, दुकानाचं नाव होतं, हा त्यांचा हिशेब.

शाळेच्या दिवाणखान्यात गेलो तर एका कोपऱ्यात जाड हिरवा पडदा लावलेला. मोठ्या बाई समोर आल्या, त्यांचा चेहरा उतरलेला. त्या अण्णांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "यांना पडद्याआड बसून गायला सांगाल का? रावसाहेबांना इथून थेट पुतण्याच्या साखरपुड्याला जायचंय." आधी मला कळेचना, साखरपुड्याचा आणि पडद्याचा काय संबंध. मग कळलं. शुभकार्याला निघताना विधवेचं तोंड बघायचं नाही. हे रावसाहेब म्हणजे शाळेचे अध्यक्ष, गावभर स्त्रीशिक्षणावर भाषणं देणारे. भाषणात बायका चालायच्या त्यांना. समोर बसलेली चालत नव्हती. बाजूला आणखी दोन गृहस्थ होते, ते मान हलवण्याचंच काम करत होते.

मला वाटलं आत्या मागे फिरेल. ती फिरली नाही. पदर सारखा करून पडद्याआड जाऊन बसली. मी खोकं तिच्यापुढे ठेवलं. त्या कोपऱ्याला खिडकी नव्हती, पडद्याआड गडद अंधार. मी तारा चाचपून जोडल्या, तपेल्यात डबा ठेवला. टण्. टण्. मग काहीच नाही. मग टण्. मग दोन लगोलग. घरी महिनोन्महिने जो ठोका चुकला नाही तो इथे लंगडायला लागला. आत्याने चिमटा सरकवून बघितला, तरी तेच. तिने सूर लावला, पहिली ओळ घेतली, आणि ठोका भलत्याच ठिकाणी पडला. ती थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबली.

पडद्यापलीकडून रावसाहेबांचा आवाज आला. "आवाज बरा आहे. तालाला कच्च्या दिसतात." मान हलवणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "शिक्षण अपुरं." मला असा संताप आला, असा संताप आला मिने, की हाताला तारा सापडेनात. उजेड मिळावा म्हणून मी पडद्याची कड उचलली. आणि ठोका सरळ झाला. टण्, टण्, टण्, घरच्यासारखा. मी पडदा सोडला. चार ठोक्यांत पुन्हा लंगडला. पुन्हा उचलला, पुन्हा सरळ. का, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे तुझ्या बापाच्या कॉलेजच्या पुस्तकात त्यालाच शोधायला लावलं. असल्या दिव्यावर बाहेरचा उजेड पडत असला तर तो वेळेवर पेटतो, काळोखात त्याला पेटायला वेळ लागतो आणि तो वेळ दर खेपेला वेगळा. आमची पेटी घरी खिडकीत असायची, म्हणून कधी कळलं नव्हतं. पण कारण कळलं नाही तरी करायचं काय ते मला कळलं. खोकं पडद्याबाहेर ठेवून चाललं नसतं, पट्टी आत्याच्या हाताशी हवी होती. मी पडदा पुरता बाजूला ओढला आणि मुठीत धरून उभी राहिले.

"अग ए पोरी, पडदा सोड," रावसाहेब म्हणाले.

"पडदा सोडला की ठेका बिघडतो," मी म्हटलं.

"कुसुम," अण्णा म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या घाबऱ्या आवाजात.

"तुम्ही तालाला कच्च्या म्हणालात. आता ऐका आणि मग म्हणा."

मोठ्या बाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी मला एका शब्दाने थांबवलं नाही. रावसाहेबांनी काय करावं? त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आणि पुढचं सगळं गाणं त्या माणसाने भिंतीकडे बघत ऐकलं. आत्या गायली. संथपणे सुरू केलं, मधे चिमटा सरकवून लय चढवली, तानांत एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. रावसाहेबांचा हात मांडीवर ताल धरत होता, ते पाठमोरे असूनही मला दिसत होतं. माझा खांदा भरून आला होता. पण मी हात बदलला नाही.

गाणं संपलं. रावसाहेब भिंतीला म्हणाले, "उत्तम. फार उत्तम. पण आपल्याला पालकांचाही विचार करायला हवा. विधवा शिक्षिका मुलींसमोर रोज उभी राहणार, ते लोकांच्या गळी उतरणार नाही. यंत्र मात्र अजब आहे. कुणी केलं?"

अण्णा म्हणाले, "आमच्याच दुकानात."

"शाबास. ते शाळेला राहू द्या. कवायतीलाही उपयोगी पडेल. तुमच्या दुकानाचं नाव घालू आपण वर."

अण्णांनी मान हलवली. हो, हलवली. गाणारी नको, तिचं यंत्र हवं. आणि माझा बाप त्याला हो म्हणत होता. मी तोंड उघडलंच होतं, पण आत्याने माझा परकर खालून ओढला.

"जरूर ठेवा," आत्या म्हणाली. आवाज अगदी मऊ. "पण त्याला रोज कुणीतरी लावायला लागेल. बॅटरी उतरत जाते तशी लय पडते. दिसत नाही, ऐकूच यायला लागते. ज्याच्या कानाला लय कळते त्यालाच पट्टी सरकवता येईल. नाहीतर मुली रोज थोड्या थोड्या संथ होत जातील आणि कुणाला पत्ता लागणार नाही."

भिंतीकडे तोंड केलेला माणूस म्हणाला, "म्हणजे यंत्र चालवायला माणूस हवं."

"माणूस कशाला, यांनाच नेमू या," मोठ्या बाई पटकन म्हणाल्या. "यंत्र चालवणाऱ्या बाई. शिक्षिका म्हणायचंच नाही. पालकांनी विचारलं तर यंत्राकडे असतात म्हणून सांगू."

"हां. त्याला कोण हरकत घेणार?" रावसाहेब म्हणाले. खुश झाले. त्यांना गाणंही मिळालं, पालकही मिळाले, साखरपुड्याला जायचा मुहूर्तही मिळाला. उठून गेले ते तिरके तिरके, तोंड चुकवत.

टांग्यात मी रडले. रागाने. आत्या म्हणाली, "रडतेस काय, मिळाली ना नोकरी?" मी म्हटलं, "यंत्रवाली म्हणून?" ती म्हणाली, "मुलींसमोर बसू देतायत. नाव काय द्यायचं ते देऊ देत." अण्णा पुढे टांगेवाल्याशेजारी बसून चाऱ्याचे भाव विचारत होते, आमच्याकडे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

तर यमूआत्या शाळेत जायला लागली. दोनेक वर्षांत त्या दिव्याची काच आतून काळी पडली आणि पेटी कायमची बंद झाली. तसला विलायती दिवा त्या दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कुठून मिळणार? शाळेत कुणी विचारलं नाही. पेटी टेबलावर तशीच, तिच्यावर आत्याने विणलेला रुमाल, आणि आत्या शेजारी बसून मांडीवर ताल देत मुलींना शिकवतेय. रोज सकाळी पेटीची धूळ झटकायची, कारण नेमणूक पेटीसाठीची. एकदा वरून कुणी साहेब तपासणीला आले. विचारलं, "हे यंत्र चालतं का?" आत्या म्हणाली, "आज बंद आहे." असं ते यंत्र ती पुढे निवृत्त होईपर्यंत 'आज बंद' होतं. निरोपसमारंभाला नव्या अध्यक्षांनी भाषण केलं, "यंत्रविभागातील आपल्या जुन्या सेविका." मी समोर बसले होते. ज्यांना तिने सा लावायला शिकवलं त्या बाया पोरंबाळं घेऊन आल्या होत्या, आणि हा माणूस यंत्रविभाग म्हणत होता. मी उठले. आत्याने व्यासपीठावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बसले. ते बसणं मला अजून पचलेलं नाही.

आत्या जाऊन आता खूप वर्षं झाली. शाळेला विचारशील तर तिथे तेव्हा गाण्याची शिक्षिका म्हणून कुणी नव्हतंच. पण आमच्या खालच्या मजल्यावर सुशीलाबाई राहतात, माझ्याहून थोड्या लहान, त्याच शाळेत शिकलेल्या. दर गुरुवारी दुपारी वर येतात, चहा पितात आणि एक चीज म्हणतात. मी त्यांना एकदा मुद्दाम विचारलं, "काय हो, यमूआत्या शाळेत कोण होती?" त्या म्हणाल्या, "कोण म्हणजे? आमच्या गाण्याच्या बाई." आणि मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं माझ्याकडे बघून त्यांनी कप उचलला. ते मला तुला ऐकवायचंय, त्यांच्या तोंडून. त्यांचा वरचा सा अजून लागतो, पण हल्ली दम पुरत नाही, मधे थांबतात. तेव्हा तुझं ते सबमिशन का काय ते उरक आणि लवकर ये. गुरुवार धरून ये, आणि या खेपेला राहायला ये.